जुन्या कागदांतील सन व त्यांचें रूपांतर

मराठी दप्तरांतील कागदावर बहुधा दोन कालगणना एकत्र नांदतात. वर्ष सुहूर सनाचें, म्हणजे सौरमानाचें. महिना व तारीख मात्र हिजरी, म्हणजे चांद्रमानाचीं. तारखेमागील 'छ' हें अक्षर चंद्राचेंच द्योतक होय. सुहूर वर्ष बहुधा अरबी संख्याशब्दांनीं लिहीत, व संस्कृतांतील भूतसंख्यांप्रमाणें ह्या शब्दांचा क्रमही एककापासून चढत जातो. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे एक, साठ, शंभर व हजार; अर्थात् ११६१.

सुहूर सन मृगारंभीं बदलतो. म्हणून मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत त्यांत ५९९, व जानेवारीपासून पुढील मृगापर्यंत ६०० मिळविले म्हणजे इसवी सन येतो. हा एकाचा फरक क्षुल्लक नव्हे. उदगीरची लढाई ३ फेब्रुवारी १७६० रोजीं झाली. तेव्हां सुहूर सन ११६० होता. पानपतचा संग्राम १४ जानेवारी १७६१ चा. सुहूर सन ११६१. पानपतच्या कागदास जो संपादक ५९९ मिळवील, तो हा संग्राम उदगीरच्याही वीस दिवस आधीं नेऊन ठेवील. आणि ज्या विजयामुळें असीरगड व बऱ्हाणपूर मराठ्यांकडे आलीं, तो विजय पानपतानंतरचा ठरेल!

खानदेशांत कागद जमविणारांस आणखी एक सावधगिरी हवी. महसुली कागदांवर फसली सनही आढळतो. दक्षिणी फसली मृगारंभींच बदलतो. परंतु त्याचा अंक सुहूर सनाहून ९ नीं अधिक असतो. नुसतें 'सन ११७०' लिहिलेलें असल्यास तें फसली मानतां १७६०–६१ व सुहूर मानतां १७६९–७० येतें. शिवाय उत्तरेकडील फसलीचा अंक दक्षिणीहून सुमारें दोहोंनीं कमी असतो. तेव्हां तापीपलीकडील कागद हातीं आल्यास सन कोणता, हें प्रथम ठरवावें. शक व संवत्सराचें नांव दिलेलें असल्यास त्यांशीं ताळा पाहावा.

छापतांना मूळ शब्द जसेच्या तसे द्यावे. रूपांतर चौकोनी कंसांत घालावें, व सन कोणता मानला तें सांगावें. महिना नसेल तर '१७६०–६१' असें जोडवर्षच लिहावें. मूळ शब्द छापलेले असले म्हणजे संपादकाचें चुकलेलें गणित पुढील अभ्यासक सुधारूं शकतो. ते गाळले आणि मूळ कागद कसरीनें खाल्ला, तर ती चूकच इतिहास होऊन बसते.