जुना दंड आणि नवा पासपोर्ट

समुद्र ओलांडणे हेच एके काळी आपल्याकडे पातक होते. विलायतेहून परतलेल्या माणसाला पंचगव्य घेऊन प्रायश्चित्त करावे लागे, आणि तरीही पंगतीत त्याच्या शेजारी पाट मांडायला भाऊबंद कांकूं करीत. आता काळ उलटला आहे. घरातला एक तरी मुलगा न्यू जर्सीला, टोरांटोला किंवा सिडनीला नसला, तर पाहुणे सहानुभूतीने चौकशी करतात. प्रायश्चित्ताचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. पूर्वी तो परतल्यावर निघे, आता निघण्यापूर्वीच निघतो, आणि तोही फॉर्मावर : तुम्हांला कधी अटक झाली होती काय? कोणत्याही गुन्ह्याबद्दल शिक्षा झाली होती काय?

बहुतेक वाचक हा प्रश्न हसून ओलांडतील. पांढरपेशा माणसाचा आणि कोर्टाचा संबंध काय? पण घरातल्या वडीलधाऱ्यांना जरा खोदून विचारा. कोणी कॉलेजात असताना मोर्चात गेलेले असते. कोणी गणपतीच्या जागरणाला पत्ते कुटताना धाडीत सापडून जुगारबंदी कायद्याखाली दंड भरलेला असतो. कोणी दारूबंदीच्या कडक दिवसांत परमिटावाचून घोटभर घेऊन पकडले गेलेले असते. पैसे भरले, पावती फाडली, प्रकरण मिटले, असे तेव्हा साऱ्यांनीच मानले. आणि चाळीस-पन्नास वर्षांनी, नातवाचे तोंड पाहायला निघताना, तो फाडलेला कागद पुन्हा समोर येऊन उभा राहतो.

दीडशे पौंडांची किंमत

किरकोळ दंड किती दूरवर पाठलाग करतो, याचे सर्वांत गाजलेले उदाहरण बीटल्सपैकी जॉन लेननचे. १९६८ च्या आरंभी तो ऋषिकेशला महर्षी महेश योगींच्या आश्रमात होता. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात लंडनमधील त्याच्या बिऱ्हाडावर धाड पडली आणि चरस सापडला. नोव्हेंबरात त्याने गुन्हा कबूल करून दीडशे पौंड दंड भरला. त्याच्यासारख्या धनाढ्याला ती रक्कम म्हणजे चणेफुटाणे! पण १९७२ मध्ये, तो न्यूयॉर्कला राहत असताना, अमेरिकन सरकारने त्याच दंडावर बोट ठेवून त्याला देशाबाहेर घालवण्याची कारवाई सुरू केली. व्हिएतनाम युद्धाविरुद्ध तो बोलत होता, हे त्यामागचे खरे दुखणे; पण कागदावर कारण होते ते लंडनच्या दंडाचे.

हा तंटा साडेतीन वर्षे चालला. अखेर ऑक्टोबर १९७५ मध्ये अपील न्यायालयाने त्याच्या बाजूने निर्णय दिला. जवळ असलेली वस्तू चरस आहे हे माणसाला ठाऊक नसले तरी तेव्हाचा इंग्लिश कायदा त्याला दोषी धरीत असे; अशा शिक्षेच्या आधारावर अमेरिकेचे दार बंद करता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. १९७६ च्या जुलैत लेननला कायम वास्तव्याचा परवाना मिळाला. त्याचा जोडीदार पॉल मॅकार्टनी यालाही १९७३ मध्ये स्कॉटलंडच्या शेतावर गांजाची रोपे लावल्याबद्दल शंभर पौंड दंड झाला होता; त्यापायी १९७५ मध्ये जपानने त्याला येऊ दिले नाही. जपानच्या कायद्यात आजही मादक पदार्थांच्या गुन्ह्याला, शिक्षा कितीही लहान असो, क्षमा नाही.

मावशीचे लाटणे

पण एवढ्या दूर कशाला जायचे? गेल्या वर्षी हा प्रश्न आमच्याच घरात उभा राहिला. माझी मावशी आता सत्तरीच्या पुढे आहे. १९७२-७३ चा तो दुष्काळ आणि ती महागाई जुन्या वाचकांना आठवत असेल. तेल नाही, साखर नाही, रेशनच्या रांगेत सकाळ जायची. त्या दिवसांत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने मुंबईतल्या बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. नुकतीच लग्न होऊन आलेली आमची मावशी त्यांत होती. एके दिवशी मनाई हुकूम मोडल्याबद्दल पोलिसांनी धरले, मॅजिस्ट्रेटसमोर उभे केले आणि पंचवीस रुपये दंड झाला.

आता मुलाने अमेरिकेला बोलावले. फॉर्म भरताना 'कधी अटक झाली होती काय' या रकान्याशी मावशी थांबली. मुलगा फोनवरून म्हणाला, "आई, सरळ 'नाही' लिही. पन्नास वर्षांपूर्वीचं कोण बघतंय?"

"अरे, पंचवीस रुपये मोजलेत मी," मावशी म्हणाली. "तुझ्या बाबांनी पगारातून काढून दिले, तेव्हा काय काय ऐकवलं तेही ध्यानात आहे. ते झालंच नाही असं कसं लिहू?" मग माझ्याकडे वळून, "तू मराठीचा प्राध्यापक ना? 'कधी' म्हणजे काय ते सांग बघू."

"कधी म्हणजे जन्मापासून आजपर्यंत, मावशी."

"मग झालं तर!"

तिने 'होय' लिहिले. मग त्या कोर्टात अर्ज केला. किरकोळ खटल्यांचे कागद ठरावीक मुदतीनंतर नष्ट करतात, त्यामुळे 'अभिलेख उपलब्ध नाही' असे लेखी उत्तर आले. ते उत्तर आणि घडल्या प्रकाराची तिने स्वतः लिहिलेली एक पानी हकीकत घेऊन ती मुलाखतीला गेली. अधिकाऱ्याने कागद वाचला, लाटणे कशासाठी नेले होते एवढेच विचारले, आणि व्हिसा मंजूर केला. यात नवल काही नव्हते. अमेरिकन कायदा पाहतो तो गुन्ह्यात नैतिक अधःपतन आहे की नाही हे. चोरी, फसवणूक, बनावट दस्तऐवज हे त्यात येतात. महागाईविरुद्धचा मोर्चा येत नाही. खुद्द गांधीजींनाही या रकान्यात 'होय' लिहून पुरवण्या जोडाव्या लागल्या असत्या!

प्रत्येक फॉर्मचा प्रश्न निराळा

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. आपला पासपोर्ट कायदा १९६७ चा. त्यानुसार जुन्या शिक्षेमुळे पासपोर्ट नाकारता येतो तो केव्हा? शिक्षा अर्जापूर्वीच्या पाच वर्षांतली हवी, गुन्हा नैतिक अधःपतनाचा हवा, आणि कैद किमान दोन वर्षांची हवी. मावशीच्या पंचवीस रुपयांना तिथे जागाच नाही. गंमत अशी, की शिक्षा भोगून मोकळ्या झालेल्या माणसापेक्षा ज्याचा खटला कोर्टात लोंबकळतो आहे त्याची अडचण मोठी. त्याला १९९३ च्या अधिसूचनेप्रमाणे कोर्टाची परवानगी आणावी लागते, आणि कोर्टाने मुदत लिहिली नसेल तर पासपोर्ट मिळतो तो एक वर्षाचा. म्हणून भाऊबंदकीतली जुनी फौजदारी केस निघण्यापूर्वी शोधून काढावी. ती आपोआप मेली असेल या भरवशावर राहू नये.

परदेशांचे नियमही सारखे नाहीत. अधःपतनाच्या गुन्ह्यालाही अमेरिका एक सूट देते : आयुष्यात तो एकच असावा, त्याला कायद्यातली कमाल शिक्षा एक वर्षापर्यंत असावी आणि झालेली शिक्षा सहा महिन्यांहून जास्त नसावी. आपल्या जुन्या दंडविधानात साध्या चोरीलाही कमाल तीन वर्षे होती. त्यामुळे कोर्टाने नुसता दंड करून सोडले असले तरी ही सूट लागू होत नाही. खास सवलत मागावी लागते. ब्रिटनमध्ये जुन्या शिक्षा कालांतराने पुसल्या गेल्या असे मानणारा कायदा १९७४ पासून आहे, पण व्हिसाच्या बाबतीत तो चालत नाही. आणि थर्टी फर्स्टच्या रात्री पिऊन गाडी चालवणाऱ्या आमच्या तरुण पिढीने कॅनडाचे ध्यानात ठेवावे. आपल्याकडे दंडावर सुटणारा हा अपराध तिथे डिसेंबर २०१८ पासून गंभीर गुन्ह्यांत मोडतो. त्याला कमाल दहा वर्षांची शिक्षा आहे, आणि पूर्वीप्रमाणे दहा वर्षांनी तो आपोआप माफ होत नाही.

आणि लपवले तर?

इतके वाचून कोणाच्या मनात येईल, की मग गप्प बसलेले काय वाईट? हिशेब मांडून पाहावा. आपल्याच कायद्याप्रमाणे पासपोर्टसाठी खोटी माहिती दिल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. व्हिसासाठी खोटे बोलणाऱ्याला कॅनडा पाच वर्षे दार बंद करतो, ब्रिटन दहा वर्षांपर्यंत. अमेरिकेत तर सवलत मिळेतोवर ते जन्मभर बंद राहते. म्हणजे ज्या पंचवीस रुपयांनी व्हिसा अडला नसता, त्यांच्यावर घातलेल्या पांघरुणाने तो कायमचा अडतो. शिवाय बोटांचे ठसे आता या देशांत एकमेकांना दाखवले जातात, तेव्हा एका फॉर्मात 'होय' आणि दुसऱ्यात 'नाही' लिहिणाऱ्याचे पितळ उघडे पडायला वेळ लागत नाही.

तेव्हा जुन्या प्रकरणाची निकालाची नक्कल, दंडाची पावती जे हाती लागेल ते आजच मिळवून ठेवावे. कागद नष्ट झाला असेल तर तसे कोर्टाकडून लिहून घ्यावे. फॉर्मातला प्रश्न शब्दशः वाचावा. पाच वर्षांचे विचारले असेल तर पाच वर्षांचे सांगावे, आयुष्याचे विचारले असेल तर आयुष्याचे. शंका असेल तर जाणत्या वकिलाला चार पैसे द्यावेत. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना, पोरांचा प्रवास सुखाचा व्हावा म्हणून खोटे लिहायला लावू नये. त्यांनी तो दंड एकदा भरलेला आहे. गुन्हा वर्षांनी जुना होतो आणि जग तो बहुधा विसरायला तयार असते. पण काल लिहिलेले खोटे मात्र कोरे करकरीत राहते.