शेकरूचे छायाचित्र

गेल्या मार्गशीर्षात आम्ही नातवासह भीमाशंकरच्या अरण्यात पायी हिंडावयास गेलो होतो. त्याच्या गळ्यात नवा कॅमेरा, आमच्या हाती काठी. १९८५ साली हे अरण्य अभयारण्य ठरले, ते मुख्यत्वे शेकरूच्या रक्षणासाठी. शेकरू म्हणजे तांबूस पाठीची, झुबकेदार शेपटीची मोठी खार. महाराष्ट्राचा हा राज्यप्राणी क्वचितच भूमीवर उतरतो. वीस वीस फुटांची झेप घेऊन वृक्षावरून वृक्षावर जातो. म्हणून एक वृक्ष तुटला तरी त्याची वाट मोडते.

उंच शेंड्याशी काटक्यापानांचे गोल घरटे दिसले. शेकरू बाहेर यावे म्हणून नातवाने खडा उचलला. आम्ही त्याचा हात धरला. "आजोबा, एकच खडा!" तो म्हणाला.

तेव्हा आम्हांस आमचाच अपराध आठवला. चाळीस वर्षांपूर्वी वर्गात दाखविण्यासाठी आम्ही बुलबुलाचे घरटे अंड्यांसह काढून आणले होते. मुले आनंदली, अंडी मात्र थंड पडली. ही गोष्ट आम्ही घरात कोणासही सांगितली नव्हती. ती त्या दिवशी नातवास सांगितली. त्याने खडा खाली ठेवला.

मग तासभर आम्ही पायवाटेवर निःशब्द बसलो. अखेर शेकरू आले, पण दूरच्या फांदीवर, फळ कुरतडीत. चित्र धूसर निघाले. तेच आज आमच्या माजघरात लाविले आहे. वाचकहो, आपली मुले कॅमेरा घेऊन रानात निघाली, तर त्यांस भिंगाबरोबर थोडा धीरही द्यावा.