ज्योतिरिंद्रनाथ : सावलीतला संगीतकार

टिळकांचं ‘गीतारहस्य’ बंगालीत नेणारा माणूस मुळात पियानोवर चाली बांधणारा होता, हे आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नाही. कोलकात्याच्या जोडासाँको वाड्यातले ज्योतिरिंद्रनाथ टागोर. जन्म ४ मे १८४९. गीतारहस्याचा अनुवाद १९२४ मध्ये छापून आला, तेव्हा ते पंचाहत्तरीत होते. पण नाव काढलं की लोक एवढंच म्हणतात, ‘रवींद्रनाथांचे थोरले भाऊ ना?’

गैरसमज : रवींद्रनाथांच्या सुरुवातीच्या गाण्यांना चाली त्यांच्या स्वतःच्याच.

वस्तुस्थिती : कित्येकदा चाल आधी आणि शब्द मागून, असा प्रकार होता. ज्योतिदादा पियानोला बसत, रागांना त्यांच्या नेहमीच्या संथ चालीतून बाहेर ओढून पळवत. शेजारी बसलेले रवी आणि कवी अक्षय चौधरी त्या सुरांवर तिथल्या तिथे शब्द बसवत. हे रवींद्रनाथांनीच आठवणींत लिहून ठेवलं आहे. १८८१च्या ‘वाल्मीकि-प्रतिभा’ या गीतिनाट्यातही काही चाली ज्योतिदादांच्या वाद्यावरच्या गतींवरून घेतलेल्या आहेत. श्रेय धाकट्यानं मोकळेपणानं दिलं; विसरलो ते आपण.

गैरसमज : पियानो आला म्हणजे विलायती नक्कल आली.

वस्तुस्थिती : वाद्य विलायती, राग आपलेच. शिवाय ज्योतिदादा सतार शिकले होते आणि व्हायोलिनही वाजवत. आज रवींद्रसंगीत ज्या ‘आकारमात्रिक’ स्वरलिपीत छापलं जातं, तिची घडी त्यांनीच बसवली. तिची युक्ती पाहण्यासारखी आहे. स्वराच्या अक्षराला काना दिला की एक मात्रा, विसर्ग दिला की अर्धी. कोमल ऋषभाला ‘ऋ’, कोमल गंधाराला ‘ज्ञ’. सगळं छापखान्यातल्या साध्या खिळ्यांतून जुळतं, विलायती स्वरलेखनातल्या पाच रेघांची गरजच नाही. आपण पलुसकर-भातखंड्यांच्या लिपीचं कौतुक करतो, ते रास्तच. ज्योतिरिंद्रनाथांच्या नावालाही त्याच पंगतीत जागा हवी.

गैरसमज : पत्नी कादंबरीदेवी १८८४ मध्ये गेल्या आणि ज्योतिरिंद्रनाथांनी सगळं सोडलं.

वस्तुस्थिती : त्या मृत्यूवर बंगालात चवीनं लिहिलं गेलं आहे, त्यात शिरण्याचं कारण नाही. जहाजाच्या धंद्यातही त्यांनी हात पोळून घेतले. तरी त्यांचं ‘स्वरलिपि-गीतिमाला’ हे पुस्तक १८९७चं, त्यांनी काढलेली ‘भारत संगीत समाज’ ही संस्थाही त्याच वर्षीची. संस्कृत नाटकांचे आणि फ्रेंच साहित्याचे अनुवाद चालूच होते.

आणखी एक, पर्यटकांसाठी : रांचीच्या मोराबादीतली ‘टागोर हिल’ रवींद्रनाथांची नव्हे. तिथलं ‘शांतिधाम’ ज्योतिरिंद्रनाथांनी बांधलं आणि ४ मार्च १९२५ रोजी त्यांचं निधनही रांचीतच झालं.