आधी परस, मग पंगत

मोठं घर बांधणं एक वेळ सोपं, पण ते नांदतं ठेवणं कठीण! आपल्या बायकांना हे कुणी सांगायला नको. मग चारशे वर्षांचा वाडा कसा नांदता राहिला असेल? इंग्लंडच्या ससेक्स भागातल्या ग्रॅव्हटाय मॅनरची ही हकिगत.

रिचर्ड इनफील्डने १५९८ साली आपल्या नववधूसाठी, कॅथरिनसाठी, हा दगडी वाडा बांधला. १८८० नंतरच्या दशकात तो विल्यम रॉबिन्सनने घेतला. हा गृहस्थ मूळचा आयर्लंडचा. माळीकाम करीत वर आलेला. त्या काळी श्रीमंतांच्या बागांत काचघरात वाढवलेली रोपं रांगोळीसारखी मांडत आणि हंगाम सरला की उपटून टाकत. रॉबिन्सनला ही उधळपट्टी मुळीच पटेना. वर्षानुवर्षं तग धरतील अशी झाडं लावा, असं त्यानं पुस्तकांतून सांगितलं आणि आपल्या अंगणात करून दाखवलं.

भाजीपाल्यासाठी त्यानं लंबगोल दगडी भिंत घातलेली परसबाग केली. यात शोभेपेक्षा सोय अधिक, बरं का! भिंत दिवसभर उन्हाची ऊब साठवते आणि रात्री हळूहळू सोडते. त्यामुळे तिथल्या थंडीतही भिंतीलगतची फळं पिकतात.

रॉबिन्सन अविवाहित. १९३५ मध्ये तो वारला, इस्टेट वनसंवर्धनासाठी राष्ट्राकडे गेली आणि मायेचा हात उठताच बागेत रान माजलं. १९५८ मध्ये पीटर हर्बर्ट यांनी इथं हॉटेल काढलं, बाग पुन्हा उभी केली. त्यांच्यानंतर हॉटेल अडचणीत आलं, तण पुन्हा वाढलं. २०१० मध्ये नवे मालक आले. त्यांनीही स्वयंपाकघराइतकंच लक्ष बागेकडे दिलं. पुढे इथल्या जेवणाला मिशेलिनचा तारा मिळाला. २०१८ मध्ये काचेच्या भिंतींचं नवं भोजनगृह झालं. जेवता जेवता बाग दिसते!

वाडा पाहुण्यांच्या पैशांवर चालतो, पाहुणे जेवणासाठी येतात आणि जेवणाची चव परसातून येते. यातली एक कडी निखळली की सगळंच कोसळतं, हे या घरानं अनुभवलंय.

तिथलं ताट आपल्या खिशाला परवडणारं नाही. पण तिथली रीत फुकट आहे. ‘आज काय करू?’ हा प्रश्न आधी हंगामाला विचारायचा, जिभेला मागाहून!