आधी ओल घालवा, मग चुना लावा



बेण्याला बुरशी लागू नये म्हणून आपण केवढी काळजी घेतो! लागणीपूर्वी टिपऱ्या औषधात बुडवून काढतो. काणी लागलेले बेट दिसले की मुळासकट उपटून जाळतो. पण बुरशी घराच्या तळघरात शिरली म्हणजे मात्र 'पावसाळा आहे, चालायचंच' असे म्हणून दार लोटून घेतो. या विषयावर चार शब्द लिहावेत असे आम्हांस वाटले, कारण यात भिंतीचे नुकसान थोडे. माणसांचे व जनावरांचे जास्त.

आपल्या वऱ्हाडात जुन्या वाड्यांना तळघरे आहेत. ज्वारीची पेवेही एके काळी असत. आज तळघरात ज्वारी-तुरीची पोती, सरकीची ढेप, खताच्या बॅगा, जुन्या गाद्या असा सगळा संसार असतो. जुलै २०२१ मध्ये मोर्णेला पूर येऊन अकोला शहराच्या वस्त्यांत पाणी घुसले, ते पुष्कळांना आठवत असेल. पण पूरच यायला पाहिजे असे नाही. आपली काळी माती पाणी धरून ठेवते, आणि झड लागली की तेच पाणी पायाच्या दगडांतून आत पाझरते. ओल मिळाली की एकदोन दिवसांत बुरशी धरू लागते. म्हणून 'दिवाळीत सफेदीच्या वेळी बघू' हा हिशेब येथे चालत नाही.

आत उतरण्यापूर्वी

प्रथम मेन स्विच बंद करावा. स्विचपर्यंत पाण्यातून जावे लागत असेल तर वायरमनला बोलवावे. तळघर किंवा पेव बंद राहिले असेल तर लगेच उतरू नये. भिजलेले धान्य हवेतील प्राणवायू ओढून घेते आणि कार्बन डायऑक्साइड सोडते. हा वायू हवेपेक्षा जड, त्याला वास नाही, आणि तो तळाशी साचतो. जुनी माणसे आधी कंदील सोडून पाहत. कंदील विझला तर उतरू नये, हे खरेच. पण जळत राहिला म्हणजे सगळे ठीक, असेही नाही. दारे-झरोके उघडून हवा पुरती खेळू द्यावी. एकट्याने उतरू नये, कमरेला दोर असावा, वर दोन माणसे असावीत. आतला माणूस कोसळला तर त्याच्यामागे दुसऱ्याने उतरू नये. एकामागे एक जीव जातात ते असेच.

उपसा सावकाश

पाणी उपसायला डिझेल इंजिन तळघरात उतरवू नये. त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड बंद जागेत माणसाचा जीव घेतो. इंजिन बाहेर उघड्यावर ठेवावे, पाइप तेवढा आत सोडावा. बाहेरची जमीन चिंब असेल तर सगळे पाणी एकदम काढू नये. आतले पाणी भिंतीला टेकू देत असते. तो टेकू गेला की बाहेरच्या मातीच्या दाबाने भिंत आत येते. पहिल्या दिवशी फूटभर पाणी काढावे, भिंतीवर खूण करावी, आणि रात्रीतून पाणी पुन्हा चढले नाही तरच पुढे काढावे.

बुरशी की खार?

पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यातील सभासदांनी एक पारख करून पाहावी. भिंतीवर पांढरे फुलले म्हणजे बुरशीच, असे नाही. तो खारही असतो. त्यावर पाण्याचा थेंब टाकावा. खार विरघळतो, बुरशी विरघळत नाही. पण खार फुलला तरी भिंतीत ओल आहे, एवढे नक्की समजावे.

भिंत वाळली की नाही हे पाहायचे तर हातभर प्लॅस्टिक चारी बाजूंनी चिकटवून रात्रभर ठेवावे. सकाळी भिंतीकडच्या अंगाला थेंब दिसले तर ओल अजून आत आहे. अशा भिंतीवर ऑइलपेंट किंवा सिमेंटचा गिलावा चढवला तर ती ओल आतच कोंडते आणि वर्षभरात पोपडे सुटतात. झड चालू असताना झरोके उघडून उपयोग नाही. दमट हवा थंड भिंतीवर पाणीच सोडते. उघाड पडली, वारा सुटला की सगळे उघडावे, पंखे लावावेत.

साफ करताना

आमच्याकडे गट ऑफिसात एका सभासदाने विचारले, "साहेब, बेन्याची पावडर उरली हाय. तळघरात मारली त चालते का?" मुळीच नाही. शेतातले बुरशीनाशक राहत्या घरात वापरू नये. साबणाच्या पाण्याने ओले करून घासावे. कोरडा झाडू मारला की धूळ उडून छातीत जाते; म्हणून तोंडाला चांगला मास्क बांधावा. ब्लीचिंग पावडर वापरली तर तिच्यात संडास साफ करायचे ॲसिड कधीही मिसळू नये, विषारी वायू निघतो. बुरसलेल्या गाद्या, बारदाने, पुठ्ठे फेकून द्यावेत. भिंत वाळली की मग चुना. दम्याच्या माणसाला या कामी लावू नये.

धुळीचे हे दुखणे साखरधंद्याला नवीन नाही. ओलसर राहून बुरसलेल्या बगॅसच्या धुळीने खोकला, ताप, धाप लागते. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सच्या डॉक्टरांनी १९४१ साली त्याची नोंद केली. 'बगॅसोसिस' हे त्याचे नाव.

धान्य आणि ढेप

सर्वांत महत्त्वाचे हे. बुरसलेले धान्य धुऊन, वाळवून, दळून खाऊ नये. १९७४ साली राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातेतील पंचमहाल भागात पावसात भिजून बुरसलेला मका गोरगरिबांनी खाल्ला. ३९७ लोक काविळीने आजारी पडले, त्यांतील १०६ दगावले. तोच मका खाणारी कुत्रीही मेली. बुरशीने सोडलेले हे विष म्हणजे अफलाटॉक्सिन. भाकरी भाजल्याने वा दूध उकळल्याने ते जात नाही. १९९५ साली कर्नाटक व आंध्रात पावसाने काळवंडलेल्या ज्वारी-मक्याने पोटदुखी व जुलाबाची साथ आली, ती दुसऱ्या बुरशीच्या विषाची.

'माणसांनी नाही तर ढोरांना घालू' हेही चुकीचे. बुरसलेली ढेप गाईने खाल्ली की विषाचा अंश दुधात उतरतो, आणि ते दूध आपलीच लेकरे पितात. असा माल विकूही नये, खोल पुरावा.

पुढच्या मृगाआधी एवढे करावे: पन्हाळीचे पाणी पायापासून लांब न्यावे, अंगणाचा उतार बाहेर काढावा, पोती फळ्यांवर आणि भिंतीपासून हातभर दूर रचावीत. पाच-सहा पोत्यांचा मोह सोडावा लागला तरी सोडावा. घरातले माणूस आणि दावणीचे जनावर त्याहून मोलाचे आहे.