ज्वारीचे ताट आणि पोषणविषयक लोकशिक्षण

आहाराचे शास्त्र आणि आहाराचे लोकशिक्षण या दोन भिन्न गोष्टी होत. कोणत्या अन्नात कोणते घटक आहेत हे शास्त्र सांगते; ते अन्न कोणाच्या ताटात, केव्हा व कोणत्या मार्गाने पोचेल, याचा विचार शिक्षणाला करावा लागतो. आपल्याकडे मात्र शास्त्राचे तक्ते भिंतीवर टांगले की शिक्षण झाले, असे मानण्याची रीत पडली आहे. विष्णुपुरीच्या आसमंतातील खेड्यांत काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला हा भेद उमगावा, यास्तव ज्वारीचेच उदाहरण घेऊ.

ज्वारी हे मराठवाड्याचे परंपरागत मुख्य अन्न. तिच्या प्रथिनांत लायसीन हे अमिनो आम्ल कमी व ल्यूसीन अधिक असते. दख्खनच्या पठारावर जवळजवळ केवळ ज्वारीवर गुजराण करणाऱ्या गरिबांत एके काळी पेलाग्रा हा रोग आढळे. हैदराबादच्या पोषण प्रयोगशाळेतील डॉ. सी. गोपालन व डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० साली त्याचा संबंध या अधिक ल्यूसीनशी जोडला. पुढे या उपपत्तीविषयी मतभेद झाले. तथापि लोकशिक्षणाच्या दृष्टीने तिच्यातून निघणारा बोध असा की, दोष भाकरीचा नसून एकट्या भाकरीचा आहे. तूर, मूग, हरभरा यांत लायसीन भरपूर असते. भाकरीसोबत दाट वरण आले की दोहोंची उणीव परस्परांत भरून निघते. ‘भाकरी निकृष्ट’ असे सुचविणारा प्रचारक या जुळणीलाच धक्का लावतो.

लोहाची कथा याहून गुंतागुंतीची आहे. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. (त्याचे कारण सर्वत्र लोहाची उणीवच असते, असे नव्हे.) ज्वारीत लोह आहे, परंतु धान्यातील फायटिक आम्ल ते बांधून ठेवते आणि जेवणालगतच्या चहातील टॅनिन त्यात भर घालते. उलटपक्षी लिंबू किंवा आवळा यांतील क जीवनसत्त्वामुळे लोहाचे शोषण वाढते. पीठ आंबवून केलेली आंबील व मोड आणलेली कडधान्ये यांत फायटिक आम्लाचे प्रमाण घटते. परभणीच्या कृषी विद्यापीठाने २०१८ साली प्रसारित केलेल्या ‘परभणी शक्ती’ या वाणात लोह व जस्त अधिक आहे. पण बियाणे बदलणे शेतकऱ्याच्या हिशेबावर अवलंबून, तर लिंबाची फोड आजच्या जेवणातही घेता येते.

आता खरा प्रश्न. आपले बहुतेक उपदेश आईला उद्देशून असतात. परंतु तूर किती विकायची व घरी किती ठेवायची हे ती एकटी ठरवीत नाही. पुष्कळ घरांत ती सर्वांच्या मागून जेवते. सोयाबीन तर शेतातून थेट आडतीवर जाते. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली जामखेड येथे आरंभिलेल्या कार्यात गावच्याच, बहुधा निरक्षर, स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले आणि पुरुषांची शेतकरी मंडळेही उभारली. केवळ मातांना शिकवून भागत नाही, हे तेथे आरंभीच ओळखले गेले. २००५ साली औरंगाबाद येथून सुरू झालेल्या राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशनने पुढे बालकाच्या पहिल्या हजार दिवसांवर भर दिला. २००५-०६ साली राज्यातील दोन वर्षांखालील एकतृतीयांशाहून अधिक बालकांची उंची खुंटलेली होती. २०१२ च्या पाहणीत हे प्रमाण एकचतुर्थांशाच्या आसपास आले. याचे सारे श्रेय एका योजनेला देणे धाडसाचे होईल. त्या काळात उत्पन्न, शिक्षण आणि आरोग्यसेवा यांतही पालट होत होता.

म्हणून क्षेत्रकार्यास जाताना व्याख्यान मागे ठेवून विचारपूस पुढे करावी. काल काय शिजले, सर्वांत शेवटी कोण जेवले, त्या वेळी भांड्यात वरण किती उरले होते, सहा महिन्यांवरील बालकाला त्यातले घट्ट वरण मिळाले की वरचे पाणी, हे विचारावे. विचारणा आठवडी बाजाराच्या आदल्या दिवशी व नंतरच्या दिवशी, अशी दोनदा करावी. आणि दुसऱ्या खेपेस घरातील कर्त्या पुरुषालाही बसवून घ्यावे.