बीपीची गोळी आणि चुकलेला ठोका

गैरसमज: बीपीच्या गोळीने धडधड झाली म्हणजे ती हृदयाला घातकच.

गोळ्या काही एकाच जातीच्या नसतात. अम्लोडिपिनने रक्तवाहिन्या सैलावतात, म्हणून सुरुवातीला काहींचं हृदय जोरात धावतं. लय मात्र बहुधा शाबूत असते. ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल उलट ठोके मंद करतात. त्यांच्या जोडीला व्हेरापामिल किंवा डिल्टियाझेम आलं, तर ठोके फारच उतरू शकतात. काचबिंदूसाठी डोळ्यांत घालायचे टिमोलॉलचे थेंबही याच ठोके मंद करणाऱ्या गटातले. डॉक्टरांना औषधं सांगताना थेंब कुणाला आठवतात? आणि बीपी वाढलेलंच ठेवलं, तर ठोके अनियमित करणारं एट्रियल फिब्रिलेशन जडण्याची शक्यता वाढते, ती वेगळीच.

गैरसमज: लघवीची गोळी साधीच असते.

खरी गोम इथे आहे. हायड्रोक्लोरोथायझाइड, क्लोरथॅलिडोन लघवीवाटे पोटॅशियमही बाहेर काढतात. रक्तात ते साधारण ३.५ ते ५ मिलीइक्विव्हॅलंट प्रति लिटर असावं लागतं. तीनच्या खाली गेलं की ठोके चुकण्याचा धोका वाढतो; त्यात जुलाब लागले तर विचारूच नका. आपण ही गोळी घेतो हे अनेकांच्या गावीही नसतं, कारण ती टेल्मिसार्टनच्या जोडगोळीत लपलेली असते. स्ट्रिपवर नावापुढे ‘एच’ किंवा ‘सीएच’ दिसलं तर समजावं.

गैरसमज: कमी सोडियमचं मीठ आणि शहाळं बीपीवाल्यांना केव्हाही चांगलंच.

मूत्रपिंड धडधाकट असेल तर त्या मिठाचा फायदाच होतो. पण त्यात सोडियमच्या जागी काही प्रमाणात पोटॅशियम क्लोराइड असतं. शहाळ्यातही पोटॅशियम भरपूर. टेल्मिसार्टन, रामिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन शरीरात पोटॅशियम साठवतात. मूत्रपिंड कमजोर असलेल्यांनी वर हे मीठ सुरू केलं, तर पोटॅशियम गुपचूप चढतं आणि हृदय थांबण्यापर्यंत मजल जाऊ शकते. क्रिएटिनिनसोबत पोटॅशियमची तपासणी मागून घ्यावी.

गैरसमज: शंका आली की गोळी बंद करावी.

मेटोप्रोलॉल किंवा क्लोनिडिन एकाएकी सोडलं की नाडी आणि बीपी दोन्ही उसळतात. ती डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळूच उतरवायची. घरच्या मशीनवर वरचा-खालचा आकडा वाचून झाला, की तिसरा, नाडीचाही वहीत लिहावा. तो पन्नासच्या खाली आणि चक्कर येत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे. शुद्ध हरपली, छातीत दुखलं किंवा दम लागला, तर थेट हॉस्पिटल. सोबत गोळ्यांच्या सगळ्या स्ट्रिप्स न्याव्यात.